चार बोटांचं अंतर : शिरोड्याकडच्या एका दुसऱ्या अल्बमचा प्रकरण अभ्यास

गायिका वेंगुर्ले तालुक्यातली, शिरोड्याच्या बाजूची. वय पंचविशीच्या आतलं. गाणी स्वतः लिहिते, चाली स्वतः लावते, गिटार आणि छोटा मिडी कीबोर्ड वाजवते. ज्याला बेडरूम पॉप म्हणतात, म्हणजे घरच्या खोलीत, लॅपटॉपवर, हळू आवाजात केलेलं संगीत, ते ती मराठीत आणि मालवणीत करते. पहिला अल्बम सगळाच्या सगळा तिच्या खोलीत झाला आणि तो तिच्या गावापलीकडे बराच लांब पोचला. दुसऱ्याच्या वेळी पहिल्यांदाच हातात पैसे होते. गाणी ऑनलाइन ॲपवर पोचवणारा एक डिस्ट्रिब्युटर आगाऊ रक्कम द्यायला तयार झाला होता आणि घरच्यांपासून ऐकणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, आता नीट स्टुडिओत कर. ती मुंबईला गेली, चांगल्या स्टुडिओत चार गाणी गायली. गाणी स्वच्छ आली, सुरात आली, नाव ठेवायला जागा नाही अशी आली. आणि तिला स्वतःलाच ती ऐकवेनात.

मी कुडाळला ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचं काम करते. तिने मुंबईच्या सेशनच्या मूळ फाइल्स माझ्याकडे पाठवल्या आणि सोबत एवढंच लिहिलं, "ताई, ह्यात बिघडला काय ता सांग. माका कळना नाय." पुढचं सगळं त्या प्रश्नातून सुरू झालं. तिच्या परवानगीने, नाव न देता, हे प्रकरण सविस्तर मांडते आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आता घरात बसून गाणी करणारी मुलं-मुली पुष्कळ आहेत आणि त्या प्रत्येकाला कधी ना कधी "मुंबईला जा" हा सल्ला मिळतो. तो सल्ला घेण्याआधी काय तपासायचं, हे या प्रकरणातून नीट दिसतं.

पहिला अल्बम कसा झाला होता

खोली साधारण दहा बाय बारा फुटांची. भिंती चिऱ्याच्या. दोन बाजूंना गिलावा आहे, दोन बाजूंना चिरा उघडाच. वर कौलं, सिलिंग नाही. पलीकडच्या खोलीत आजी झोपते आणि मध्ये लाकडी फळ्यांचं पार्टिशन आहे. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी.

अशी खोली ध्वनिमुद्रणासाठी वाईट, असं कुणीही पटकन म्हणेल. तसं ते नाही. समोरासमोरच्या दोन सपाट भिंतींमध्ये आवाज अडकतो आणि काही ठरावीक सूर फुगतात. दहा फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपास, बारा फुटांत ४७ च्या आसपास. हे आकडे मुलीच्या गाण्याच्या पट्टीच्या बरेच खाली आहेत, त्यामुळे गळ्याला त्यांचा त्रास होत नाही. गिलावा नसलेला चिरा खडबडीत आणि सच्छिद्र असतो, तो वरचे सूर थोडे शोषतो आणि उरलेले विखुरतो. सगळ्यात मोठा उपकार कौलांचा. छप्पर उतरतं असल्याने जमिनीशी समांतर पृष्ठभागच नाही, आणि कौलांच्या सांध्यांतून बराच आवाज बाहेर निघून जातो. खोली घुमत नाही. अर्थात ज्या वाटेने आवाज बाहेर जातो त्याच वाटेने आतही येतो. तो भाग पुढे येईलच.

पहिला अल्बम २०२०-२१ च्या हिवाळ्यात झाला. लॉकडाऊनचं साल. रस्त्यावर रात्री गाडी नाही, त्या वर्षी जत्रांचे लाउडस्पीकर जवळपास बंद. किनारपट्टीला इतकी शांतता आमच्या पिढीने दुसऱ्यांदा पाहिलेली नाही. शेवटचं गाणं रेंगाळलं आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने लाइट घालवली, तेव्हा तिने ते लॅपटॉपच्या बॅटरीवर पूर्ण केलं. माइक लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस यूएसबीवरच चालतो आणि माइकला लागणारे ४८ व्होल्टही तोच देतो, म्हणून ते जमलं.

आता ती गायची कशी, ते बारकाईने सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. रात्री अकरानंतर खाटेवर मांडी घालून बसायची. समोर स्टुलावर टेबल-स्टँड आणि त्यावर साधा कंडेन्सर माइक. पाठीमागे दांडीवर गोधडी टाकलेली. तोंड माइकपासून चार बोटांवर. आजीची झोप सावध. आवाज जरा वर गेला की पार्टिशनपलीकडून येणार, "रातीचा काय ता पुटपुटतंस गो?" म्हणून ती बोलण्यापेक्षाही खालच्या आवाजात गायची. एकेक ओळ पुन्हा पुन्हा, पहाटेपर्यंत, कारण वेळेचे पैसे लागत नव्हते. आजीला न उठवता गायचं या एका अटीतून तिची शैली घडली. चाली खालच्या पट्टीत राहिल्या, ओळी आखूड झाल्या, श्वास शब्दांइतकाच ऐकू यायला लागला, आणि मालवणीतले नाकातून जाणारे शेवट, "येतंय", "रवतंय", हे अगदी कानाशी बोलल्यासारखे उतरले.

तिने हे ठरवून केलं नव्हतं. म्हणून ते हरवलं तेव्हा काय हरवलं हे तिला सांगता येईना.

मुंबईत काय झालं

स्टुडिओ उत्तम होता, ध्वनिमुद्रक अनुभवी होता आणि त्याने त्याचं काम चोख केलं. तक्रार कुणाचीच नाही.

बूथ पूर्ण बंद, आत अजिबात घुमणारा नाही. माइक तिच्या माइकच्या कितीतरी पट महागडा. माइकसमोर पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातले फुत्कार अडवणारी जाळी, आणि तोंड फिल्टरपासून वीतभर लांब. हेडफोनमध्ये ड्रम, बेससकट पूर्ण साथ. काचेपलीकडे दोन-तीन माणसं, भिंतीवर घड्याळ आणि तासावर भाडं. पलीकडे झोपलेलं कुणी नाही. तिने आवाज सोडून गायलं. सोडणारच. खालचे सूर त्या आवाजात पोकळ वाटायला लागले, म्हणून दोन गाण्यांची पट्टी वर नेली, पांढरी चारवरून पांढरी पाचवर. गळा तिथे खुलला. सगळे खूश झाले.

फाइल्स माझ्याकडे आल्यावर मी आधी एकच केलं. पहिल्या अल्बममधलं गाणं आणि मुंबईचं गाणं एकाच लाउडनेसवर आणून शेजारीशेजारी लावलं. हे न करता तुलना केली तर मोठ्याने वाजणारं गाणं कानाला नेहमीच चांगलं वाटतं आणि निष्कर्ष चुकतो. पातळी सारखी केल्यावर मुंबईचा आवाज लांबचा वाटला. महागडा माइक, स्वच्छ बूथ, आणि तरी बाई समोरच्या पडवीतून गाते आहे असं. घरच्या फाइलमध्ये माइक साधा, मागे समुद्राची बारीक गाज, आणि ती इथे, खांद्याशी.

इथे बहुतेक जण दोन कारणं पकडतात, खोली नाहीतर माइकचं अंतर. दोन्हींत तथ्य आहे. कार्डिऑइड, म्हणजे समोरचाच आवाज जास्त पकडणाऱ्या, माइकच्या जवळ तोंड नेलं की खालचे सूर जाड होतात, त्याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा आवाज होता तेवढाच राहतो, म्हणजे गळा खोलीच्या पुढे येतो. पण ही कारणं पुरेशी आहेत का, ते करून बघायला हवं होतं. तिला कुडाळला बोलावलं. एकच ओळ, एकच पट्टी, आणि चार प्रकार : जवळून हळू, जवळून मोठ्याने, लांबून हळू, लांबून मोठ्याने. मग तेच चार प्रकार तिच्या घरी, दिवसा, आजी देवळात गेलेली असताना.

निकाल स्पष्ट होता. तिच्याच खोलीत, तिच्याच माइकवर, चार बोटांवरून मोठ्याने गायलेली ओळ मुंबईच्या फाइलसारखी वाटली. आणि माझ्या बंद बूथमध्ये हळू गायलेली ओळ, लांबून घेतलेलीसुद्धा, घरच्या फाइलच्या बऱ्याच जवळ गेली. खोलीचा हिस्सा थोडा, अंतराचा हिस्सा त्याहून जास्त, पण सगळ्यात मोठा हिस्सा गळ्यावर किती जोर आहे त्याचा.

कारण असं की जोर वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतही बदलतो. वरची कंपनं वाढतात, स्वर उघडे होतात, व्यंजनं मागे पडतात, श्वास नाहीसा होतो. कान हा पोत ओळखतो. फोनवर आवाज कितीही कमी करा, ओरडणारा माणूस ओरडतोच आहे हे कळतं. आणि कुजबुज स्पीकरवर कितीही मोठी केली तरी ती कुजबुजच राहते, फक्त ती आपल्या जवळ येऊन बसते. बेडरूम पॉपमधली जवळीक इथून येते. नावात बेडरूम आहे म्हणून लोक खोली शोधत बसतात. शोधायला हवा तो शेजारी झोपलेला माणूस.

मग मुंबईतच हळू का गायलं नाही? तेही करून पाहिलं. ती पुन्हा एकदा गेली. या वेळी हेडफोनमधली साथ खूप कमी ठेवायला सांगितली, आणि हा उपाय खरंच कामाचा आहे. कानात ड्रम मोठे असले की कुणीही नकळत आवाज चढवतो. फरक पडला, पण पुरेसा नाही. काचेपलीकडे लोक बघत असताना हळू गाणं हा तिच्यासाठी अभिनय होत होता. तासावर भाडं असलं की चौथ्या टेकला माणूस "चालेल" म्हणतो. तिचं गाणं त्याच्या खूप पुढे जाऊन उतरतं, जेव्हा आपण गातो आहोत हेच ती विसरलेली असते. कुणी म्हणेल की ही सवयीची गोष्ट आहे, दहा वेळा स्टुडिओत गेली की सुटेल. सुटेलही. पण अल्बम आत्ता करायचा होता.

बाहेरच्या जगात याच वळणावर काय झालं, हे आम्ही दोघींनी बसून ऐकलं. अमेरिकेतली गायिका क्लेरो २०१७ मध्ये आपल्या खोलीत लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर केलेल्या गाण्यामुळे पुढे आली. २०२१ चा तिचा दुसरा स्टुडिओ अल्बम 'स्लिंग' तिने निर्माता जॅक अँटोनॉफसोबत न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरावरच्या अ‍ॅलेअर स्टुडिओत केला. खरी वाद्यं, मोठी जागा, आणि तरीही गळा पहिल्यासारखाच खाली. बिली आयलिशचा पहिला अल्बम लॉस एंजेलिसमध्ये भावाच्या खोलीत झाला आणि त्याच्या बळावर २०२० मध्ये तिने पाच ग्रॅमी घेतली. त्यानंतर कुठलाही स्टुडिओ मिळत असताना २०२१ चा दुसरा अल्बम दोघांनी पुन्हा भावाच्याच घरच्या स्टुडिओत केला. एकीने जागा बदलली, दुसरीने जवळपास नाही बदलली. हळू गाणं दोघींनी सोडलं नाही. आमच्या कामापुरतं एवढं पुरेसं होतं.

घरी परत, आणि कोकणचं वर्ष

गळा घरीच घ्यायचा हे ठरलं आणि खरी अडचण सुरू झाली. हळू गायचं तर माइकचं गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, वाढवावं लागतं, आणि गेन वाढलं की खोलीत, अंगणात, खाडीवर जे काही चाललंय ते सगळं आत येतं. नंतर कॉम्प्रेसर लावला की ते आणखी वर येतं, कारण कॉम्प्रेसरचं कामच लहान-मोठ्यातलं अंतर कमी करण्याचं. म्हणजे जितकं हळू गाल तितकी शांतता जास्त हवी. लॉकडाऊनने ती फुकट दिली होती. आता ती शोधायची होती, तीही वर कौलं असलेल्या घरात.

आम्ही वर्षाचा कागद मांडला. जून ते सप्टेंबर सोडून द्यायचे. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस आणि जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. कौलांवरचा पाऊस हा असा आवाज की तो वरपासून खालपर्यंत सगळ्या सुरांत पसरलेला असतो, कुठल्याही फिल्टरने निघत नाही. वर बेडूक. गंमत अशी की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, खाडीतून ट्रॉलरच्या इंजिनाचा आवाज येत नाही, पण त्या शांततेचा उपयोग शून्य. पावसाळ्यातली दमट हवा वाद्यांनाही सोसत नाही. गिटारच्या तारा आठवड्यात काळ्या पडतात, माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा लागतो.

ऑक्टोबरात उकाडा, पंख्याशिवाय बसवत नाही, आणि दिवसभर भाताची मळणी. एप्रिल-मे तर बोलायलाच नको. पंखा, रातकिडे, आणि मुंबईहून आलेले चाकरमानी. घर भरलेलं, रात्री दोनपर्यंत पडवीत पत्ते. मार्चमध्ये शिमगा.

उरले डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला भाग. थंडी असते, पंखा लागत नाही, समुद्र शांत असतो. पण हेच दिवस जत्रांचे. आज या गावात दशावतार, उद्या त्या गावात डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, आणि थंड हवेत रात्री लाउडस्पीकर दोन-तीन गावांपलीकडून ऐकू येतो. मात्र जत्रा तिथीवर ठरलेली असते, ती अचानक येत नाही. आम्ही पंचांग घेऊन बसलो. आसपासच्या सगळ्या देवळांच्या जत्रा तिच्या वडलांनी तोंडपाठ सांगितल्या. त्या रात्री खोडल्या, लग्नाच्या दाट तिथी खोडल्या, आणि ज्या रात्री उरल्या त्या अल्बमच्या. वेळ रात्री अकरा ते तीन. तीननंतर होड्या निघायची तयारी सुरू होते. असं वेळापत्रक कुठल्याच स्टुडिओत टांगलेलं मी पाहिलेलं नाही, आणि माझ्या मते या किनाऱ्यावर घरी काम करणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या गावाचं करून ठेवावं.

मग घरातले आवाज. फ्रिज बंद करायचा आणि वडलांच्या मोटरसायकलची चावी फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे सकाळी तो पुन्हा चालू करायचा विसरणं शक्यच नाही. ट्यूबलाइट बंद, कारण जुना चोक गुणगुणतो. इन्व्हर्टर बंद. घराच्या वायरिंगला अर्थिंग धड नव्हतं, त्यामुळे लॅपटॉप चार्जरवर असला की बारीक घरघर यायची. म्हणून बॅटरी भरून घ्यायची आणि चार्जर काढून काम. भिंतीवरचं घड्याळ स्वयंपाकघरात. कौलांच्या मोठ्या फटी आतून पोत्यांनी भरल्या. समुद्राची गाज ८० हर्ट्झखाली कापून थोडी कमी झाली, उरलेली ठेवली. एका गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी पाल चुकचुकते. टेक इतका चांगला होता की ती काढायचा विचारही आला नाही. आजी म्हणाली, पाल चुकचुकली म्हणजे गाणं खरं आहे.

आजी आता जास्त थकली आहे, पूर्वीइतकी सावध झोपत नाही. पण ती पलीकडे झोपलेली असायला हवी, अशी मी आग्रहाने अट घातली. मधल्या काळात एका रात्री ती मामाकडे गेली होती. त्या रात्रीचे टेक ऐकले तर आवाज थोडा वर गेलेला. गायिकेला ते कळलंही नव्हतं.

जे स्टुडिओतच व्हायला हवं होतं

घर म्हणजेच सर्वस्व, असं माझं अजिबात म्हणणं नाही. पहिल्या अल्बमचा बेस ऐकवत नाही. मऊ आणि गढूळ. ४७ आणि ५६ हर्ट्झचे फुगे गळ्याला लागत नाहीत, पण बेसला नेमके तिथेच लागतात, आणि अशा खोलीत बसून मिक्स केलं की बेस किती आहे हे कानाला खरं कळतच नाही. ड्रम, बेस, मिक्सिंग आणि मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, हे सगळं नीट बांधलेल्या खोलीत झालं. त्यातलं काही कुडाळला, काही मुंबईच्या त्याच स्टुडिओत, त्याच ध्वनिमुद्रकाकडे. त्याने घरचे गळे ऐकले आणि लगेच ओळखलं की काय पाहिजे होतं. त्याचे बेसचे काम या अल्बमची मोठी जमेची बाजू आहे.

पखवाजाची गोष्ट सांगायलाच हवी. तिला तीन गाण्यांत पखवाज हवा होता, आणि लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा, नको होता. गावच्या भजन मंडळातले बुवा आले. सिंधुदुर्गातल्या डबलबारीत ज्यांनी हात घडवला त्यांचा पखवाज कसा वाजतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे. कुजबुजणाऱ्या गळ्याच्या शेजारी तो ठेवायचा कसा? बुवांना जरा हळू वाजवाल का विचारलं, तर म्हणाले, "पखवाज काय कुजबुजूक आसा? वाजलो तर वाजाकच व्हयो." आणि त्यांचं बरोबरच होतं. हळू वाजवलेल्या पखवाजात नाद नसतो, नुसते ठोके राहतात.

तोड भजनातूनच निघाली. भजनात अभंग चालू असतो तोवर साथ दबून असते आणि गजर आला की पखवाज, टाळ, झांज सगळं उसळतं. गाण्यांची रचना तशीच केली. कडव्यात गळा आणि गिटार, दुसरं काही नाही. कडवं संपलं की पखवाज पूर्ण ताकदीने, गळा नाही. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत आणि गजरानंतर पुन्हा कुजबुज आली की ती आणखी जवळची वाटते. या अल्बममधला हा सगळ्यात चांगला निर्णय, आणि तो बुवांच्या नकारातून आला. बारीकसारीक अडचणी होत्याच. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, ती माझ्याकडच्या एसीत भराभर सुकायला लागली आणि सूर चढायला लागला. एसी बंद, दोन टेकमध्ये पाण्याचा हात, आणि घामाघूम होऊन काम.

कागद

हा भाग कंटाळवाणा असतो म्हणून मुलं टाळतात, आणि पुढे भांडणं इथेच होतात. आम्ही ध्वनिमुद्रणाआधी प्रत्येक गाण्याचा वाटणीचा कागद केला. शब्द कुणाचे, चाल कुणाची, कोण वाजवणार, मास्टरचा, म्हणजे अंतिम ध्वनिमुद्रणाचा, मालक कोण. डिस्ट्रिब्युटरच्या पहिल्या मसुद्यात गीत-संगीताचे सगळे हक्क कायमचे देण्याची भाषा होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाट्याचा हक्क करार करूनही सोडता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. हे लिहून कळवल्यावर मसुदा सुधारून आला. ती आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीची, सभासद झाली, प्रत्येक गाण्याला आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा, क्रमांक घेतला. बुवांना मानधन दिलं आणि कलाकार म्हणून नाव लावलं. वादकालाही, नुसतं मानधन घेतलं तरी, त्याच कायद्याच्या कलम ३८अ खाली स्वतःचे हक्क असतात हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांना आयुष्यात हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याचे आधीच्या बारा महिन्यांत किमान १००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या गाण्याची ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. मालवणीत गाणाऱ्यांना हा उंबरठा लहान नाही. म्हणून अल्बममधल्या दोन मिनिटांच्या तीन तुकड्यांना स्वतंत्र गाणी न करता शेजारच्या गाण्यांत जोडून घेतलं.

काय निघालं, आणि काय अजून वादात आहे

अल्बममध्ये गळे जवळपास सगळे घरचे. एक गाणं मात्र मुंबईचं तसंच ठेवलं. ते गाणं होडीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक मारण्याचं आहे. तिथे आवाज लांबूनच यायला हवा.

मास्टरिंगच्या वेळी डिस्ट्रिब्युटरने आवाज आणखी चढवायला सांगितलं. आम्ही उणे १४ लफ्सच्या (गाणं कानाला किती मोठं वाटतं ते मोजायचं एकक) आसपास थांबलो. स्पॉटिफाय नाहीतरी सगळी गाणी साधारण त्याच पातळीला आणतं, मग चिरडून मोठं करण्यात गाण्यातला चढउतार जातो आणि गजर आणि कुजबुज सारखीच वाजतात. पण त्यांच्या म्हणण्यातही दम होता, हे मला एसटीत कळलं. सावंतवाडीच्या गाडीत फोनच्या स्पीकरवर लावलं तर कडव्यातले शब्द इंजिनात बुडत होते. परत येऊन गळ्याची २ ते ४ किलोहर्ट्झची बाजू थोडी उचलली, शब्दांच्या सुरुवातीची व्यंजनं हाताने वर केली, आणि पुन्हा एसटीतच तपासलं. हे दुरुस्तीचं काम मिक्सच्या कामाइतकंच चाललं.

ऐकणाऱ्यांत मतं दोन. तिच्या वयाच्यांना हा अल्बम पहिल्याहून जवळचा वाटला. गावातल्या मोठ्या माणसांना, विशेषतः भजनी मंडळींना, पखवाज आवडला आणि गळ्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं, "आवाज काढून गा गो." हा मतभेद मिटण्यासारखा नाही आणि मिटवायची गरजही मला वाटत नाही. ज्यांचं सगळं गाणं देवळाच्या सभामंडपात, माइकशिवाय, शंभर माणसांना पोचवण्यात गेलं त्यांना हे गाणं अर्धवट वाटणं साहजिक आहे.

खरी उरलेली अडचण मंचाची. किनाऱ्यावरच्या उघड्या मैदानात कुजबुजता येत नाही. माइकचं गेन तेवढं वाढवलं की मॉनिटर, म्हणजे मंचावर गायिकेकडे तोंड केलेले स्पीकर, शिट्टी मारतात, आणि वारा माइकवर सरळ आदळतो. कानातले मॉनिटर लावून पाहिले, थोडा फायदा झाला, पण समोर बसलेल्या माणसाला तरीही पुरेसं ऐकू जात नाही. सध्या तिने दोन प्रकार ठेवले आहेत. बंद सभागृहात, कमी माणसांत, अल्बमसारखंच. मैदानात मात्र ती गाणी पांढरी पाचवरून, आवाज सोडून गाते, आणि त्याच्या तालमीसाठी मुंबईच्या त्या बाजूला ठेवलेल्या फाइल्स वापरते. बुवा मैदानातल्या कार्यक्रमांना तिच्यासोबत जातात.